एक दात कमी

बुलढाणा जिल्ह्यात सोयरीक जुळवताना गाव नंतर विचारतात. आधी विचारतात, घाटावरचे की घाटाखालचे? 13 तालुक्यांपैकी मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे खाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे वर. खाली पूर्णेचं खोरं, काळी जमीन, कपाशी आणि मे महिन्यात जीव नकोसा करणारं ऊन. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेचा माथा, जराशी बरी हवा आणि जिल्ह्याच्या कचेऱ्या. मधे राजूर घाट. साधा माणूस कोर्टाच्या तारखेसाठी नाहीतर दवाखान्यासाठी हा घाट चढतो. आमचे नाना मात्र गाडी कशी चढते ते पाहायला चढतात. वर पोचल्यावर ‘काय काम काढलं?’ असं कुणी विचारलं, तर त्यांना क्षणभर आठवावं लागतं.

नाना घाटाखालचे, मोताळ्याकडचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. नात्यानं वडिलांचे चुलतभाऊ. तुमच्याही घरात असे एखादे नाना असतीलच. कुणाच्या नानांच्या वाट्याला रेडिओ येतो, कुणाच्या विहिरीवरची मोटर, हल्ली काहींच्या वाट्याला मोबाइल आलाय. चांगली चाललेली वस्तू नुसती चालू द्यायची नाही, एवढी एकच खूण. आमच्या नानांच्या वाट्याला मोटारसायकल आली.

तुम्ही गाडीवर त्यांच्याकडे गेलात, तर ते आधी गाडीला भेटतात. तुम्ही फाटकातून आत येता तेव्हा नाना ओट्यावर डोळे मिटून बसलेले असतात. डोळे न उघडताच म्हणतात, “चैन ढिली हाये.” मग, “मांगचं बेरिंग बोलून राह्यलं.” मग डोळे उघडतात. “अरे, तू व्हय? ये बापा, बस. घरी सगळे बरे हायेत नं?” ही विचारपूस अगदी मनापासूनची असते. कुणाचं दुखणं ऐकलं तर डोळ्यांत पाणीही येतं. फक्त तोवर त्यांचा हात तुमच्या चैनीखाली गेलेला असतो आणि बोटांनी ती वरखाली करून ते ढील मोजत असतात. शर्टाच्या खिशात इतरांच्या पेन असतं. नानांच्या पेन असतं आणि दहाचा पाना असतो. खिसा त्या पान्याच्या वजनानं कायम लोंबलेला. नवा शर्ट शिवला की नानी शिंप्याला सांगून तो खिसा दुहेरी करून घेतात.

गाडी म्हणजे यामाहा आरएक्स 100. एस्कॉर्ट्सनं 1985 मध्ये बाजारात आणलेली आणि 1996 मध्ये बंद झालेली ही 98 सीसीची टू-स्ट्रोक. तिच्या आवाजावर एक अख्खी पिढी वेडी झाली. त्यातले बहुतेक पुढे बरे झाले, संसाराला लागले, ॲव्हरेज देणाऱ्या गाड्या घेतल्या. नाना बरे झाले नाहीत. त्यांच्या गाडीत मूळची म्हणावी अशी आता टाकी उरली आहे आणि आरसी बुक. बाकी सगळं बदललं. आणि हे बिघडलं म्हणून बदललं असं समजू नका. बिघडलेली गाडी दुरुस्त करणं हे नानांच्या मते मेकॅनिकचं काम, त्यात डोकं लागत नाही. नानांना गोडी चांगल्या गाडीची. “गाडी फसकिलास हाये,” असं म्हणाले की घरातली माणसं धास्तावतात, कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं: “फक्त जरासं काम हाये.” हे जरासं काम सुरू झालं की गाडी चार दिवस ओट्यावर आणि नाना चार दिवस एसटीनं.

नानांचा सगळा जीव दातांत. गाडीच्या. पुढच्या स्पॉकेटला, म्हणजे चैनीच्या दातेरी चकतीला, 14 दात आणि मागच्याला 42, म्हणजे पुढचं तीनदा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. आता पुढचा एक दात कमी करा. 42 भागिले 13, आले 3.23. ओढ वाढली, वेग गेला. आधी ताशी 80 ला इंजिन जेवढ्या रेसवर फिरायचं, तेवढं ते आता 74 लाच फिरतं. हेच काम मागच्या बाजूनं करायचं तर तिथे तीन दात वाढवावे लागतात. “पुढचा एक म्हंजे मांगचे तीन,” हे नानांचं आवडतं वाक्य. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी ते शेजारच्या पाहुण्याला ऐकवलं. पाहुण्याला वाटलं, वरपक्षाची देण्याघेण्याची बोलणी चाललीत.

कुठलीही अडचण सांगा, नानांचा उपाय ठरलेला. गाडी चढाला दमते? एक दात कमी कर. पिकअप नाही? एक दात कमी कर. मुलगा अभ्यासात मागे पडतो असं एकदा कुणी सांगितलं, तेव्हाही नाना अर्धवट ऐकून तेच म्हणाले.

पण एक दात कमी करून घाटात थर्डवर मजेत चढणारी गाडी मलकापूरच्या सरळ रस्त्यावर नुसती कोकलते. मग तो दात परत. गुरुवारी शेगावला महाराजांच्या दर्शनाला जायचं म्हणजे सपाट रस्ता, म्हणून बुधवारी संध्याकाळी दात वाढवायचे. शुक्रवारी बुलढाण्याला काम, म्हणून गुरुवारी रात्री दात उतरवायचे. पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात नानांची स्पॉकेटं असतात. दर्शनाहून आलेला डबा म्हणून पाहुण्यांनी तो भक्तिभावानं उघडला आहे, आणि आत तेलात माखलेले बारा, तेरा, चौदा दात पाहून गुपचूप मिटलाही आहे.

हे सगळे भागाकार नाना कॅलेंडरच्या चौकोनांत लिहितात. त्याच चौकोनांत नानी दुधाचा हिशेब लिहितात. एका महिन्यात दूधवाल्यानं एका दिवसाचे 3.23 लिटरचे पैसे मागितले आणि नानींनी ते दिलेसुद्धा. उलगडा झाल्यावर घरात बरीच बोलाचाली झाली. नाना शांत होते. “भागाकार बरोबर होता,” एवढंच म्हणाले.

प्लग पाहणं हा वेगळा विधी. पेट्रोल जास्त जात असेल तर प्लग काळा पडतो, हवा जास्त झाली तर पांढुरका, आणि दोन्ही नीट जुळलं की फिका तपकिरी. तपकिरी आला की नाना दिवसभर सगळ्यांशी गोड बोलतात. पण प्लगनं खरं बोलावं असं वाटत असेल तर गाडी भर लोडवर, पूर्ण रेसमध्ये असताना क्लच दाबून एकदम बंद करायला हवी. हळूहळू थांबलात तर थांबेपर्यंत रंग फिरतो. आणि भर लोड म्हणजे राजूर घाट.

एकदा बुलढाण्याला बारसं होतं. नानी मागे, जरीच्या लुगड्यात, मांडीवर बाळंतविड्याची पिशवी. ऐन वळणावर नानांनी क्लच दाबला, इंजिन बंद केलं, गाडी कडेला घेतली. नानी काही न विचारता उतरल्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर विचारायचं काय? नानांनी प्लगपाना काढला. गरम प्लग धरायला त्यांनी नानींच्या पदराकडे पाहिलं. नानींनी त्यांच्याकडे पाहिलं. नानांनी स्वतःचा रुमाल काढला. तेवढ्यात वर जाणारी एसटी थांबली आणि ड्रायव्हरनं विचारलं, “काय झालं मावशी? गाडी बिघडली काय?”

“गाडीले काई नाई झालं,” नानी म्हणाल्या आणि पिशवी घेऊन एसटीत बसल्या. बारशाला त्या वेळेत पोचल्या. नाना पाळणा हलवून झाल्यावर पोचले, पण प्रसन्न. प्लग तपकिरी निघाला होता. त्यांनी तो रुमालात गुंडाळून आणला होता आणि बाळाच्या वडिलांना दाखवला.

आता कार्बोरेटरचं. घाटाखालून वर येईतो हवा जरा विरळ होते हे खरं आहे, पण ती जाणवावी इतकी नाही. आपल्याला वर येऊन दम लागत नाही. नानांच्या गाडीला लागतो, असं नानांचं म्हणणं. म्हणून पेट्रोल मोजून सोडणारा जेट खाली वेगळा आणि वर वेगळा. कार्बोरेटर उघडला की ओट्यावर जुना पेपर अंथरतात, चष्मा कपाळावरून खाली येतो आणि आजूबाजूच्यांनी श्वास हळू घ्यायचा असतो. आत एक पितळी सुई असते, तिच्या डोक्याशी पाच खाचा, आणि त्यांतल्या एका खाचेत नखाच्या टोकाएवढी क्लिप. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. नाना ती क्लिप मधल्या खाचेतून खालच्या खाचेत नेतात, थांबतात, परत मधल्या खाचेत आणतात. एवढ्यात चहा निवतो. दुसरा येतो, तोही निवतो.

एकदा मेन जेट हातातून सुटला, टुणकन ओट्यावरून उडाला आणि अंगणात गेला. तुरीच्या दाण्याएवढा ऐवज. अख्खं घर गुडघ्यांवर. शेजारचा पोरगा जुन्या स्पीकरचं चुंबक घेऊन धावत आला. नानांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. “अरे पोट्ट्या, जेट पितळेचा. चुंबकाले चिकटन काय थो?” मग संशय कोंबडीवर गेला. ती त्याच वेळी तिथे टिपत होती. नानांनी तिला डालग्याखाली कोंडलं. तिची रात्र डालग्याखाली गेली आणि नानांची कंदील घेऊन डालग्याशेजारी. सकाळी नानींनी अंगणातला केर सुपात घेऊन पाखडला आणि जेट सुपाच्या कडेला येऊन थांबला. नानींनी तो फडक्यावर ठेवला आणि आत जाताना म्हणाल्या, “कोंबडीले सोडा आता.”

अशा माणसाचा गावाला उपयोग काय, असं वाटेल. आहे. सोयाबीनच्या ओळींत दीड-दीड फुटाचं अंतर असतं. त्यात तण काढायचा डवरा फिरवायला बैलजोडी लागते, आणि बैलजोडी आता किती जणांकडे उरली? गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी 1994 मध्ये बुलेटचं मागचं चाक काढून, तिथे दोन चाकांचा सांगाडा लावून तिला शेतात उतरवलं, त्याची बातमी नानांच्या कानावर फार पूर्वी आली होती. विदर्भात पुढे जुन्या मोटारसायकलींना डवरे बांधायची रीतच पडली. आमच्या भागातल्या अशा गाड्या नानांच्या हाताखालून गेलेल्या. डवरणीला गाडी माणसाच्या चालीनं चालली पाहिजे, म्हणून मागे भलंमोठं स्पॉकेट हवं. ते लेथवर कापून आणायचं. पण माणसाच्या चालीनं चाललं की इंजिनाला वारा लागत नाही आणि ते तापून जाम होतं, म्हणून पुढे पंखा बसवायचा. हे शास्त्र नानांना तोंडपाठ. जूनपासून लोक त्यांना शेतात नेतात. नाना दिवसभर चिखलात उभे राहतात, कुणाच्या गाडीचा दात ठरवतात, कुणाच्या क्लचप्लेटी काढतात. पैसे घेत नाहीत. मजुरी म्हणून गाडीतला जुना प्लग मागून घेतात. घरी आल्यावर त्याला चिठ्ठी बांधून ठेवतात: कुणाची गाडी, कुठलं वावर, रंग काय. नानींच्या कपाटातला एक खण त्या प्लगांनीच भरलाय.

पण चढाखेरीज नानांना दुसरं सुचत नाही. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ कित्येक महिने भटकत 2019 च्या शेवटी आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. पुढची धरून एकूण भटकंती भरली सुमारे 3 हजार किलोमीटर. तेव्हा चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “यातला चढ किती होता?”

पुढे नानांच्या डोक्यात रेतीवर गाडी चढवायचं खूळ शिरलं, ते एका पुतण्याच्या मोबाइलमधून. पुतण्या इंजिनिअरिंगला. ‘बाहा’ स्पर्धेसाठी मुलं स्वतः गाडी बांधतात. 2007 पासून भारतात ही स्पर्धा भरते, इंदूरजवळ पिथमपूरला, आणि तीत चढ चढायचीही एक फेरी असते. अनेक वर्षं सगळ्यांना एकच 305 सीसीचं इंजिन मिळायचं आणि त्याला हात लावायची बंदी. नाना हळहळले. “पोरायचे हात बांधले नं.” मग त्यांना कळलं की इंजिन सारखं असलं म्हणजे सगळा खेळ गिअरिंगचाच होतो, आणि ते सुखावले. त्याच ओघात पुतण्यानं अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या वाळूच्या टेकड्यांचा व्हिडिओ लावला. घरांच्या कितीतरी वर जाणाऱ्या उभ्या टेकड्या आणि त्यांवर चार चाकांच्या उघड्या क्वाड गाड्या. नानांनी डोळे मिटले. “टू-स्ट्रोक. दोन पिस्टनं.” गाडी होती यामाहाची बॅन्शी, 347 सीसीची, 1987 पासून 2006 पर्यंत अमेरिकेत विकली गेलेली. आपल्याकडे 1983 ला एस्कॉर्ट्सनं आणलेल्या राजदूत 350 च्या भावकीतलीच. हे कळल्यावर नानांना अमेरिका एकदम माहेरघरासारखी वाटायला लागली. मागच्या टायरला आडवी वल्ही होती, रेती मागे लोटायला. “रेतीत मधे गिअर बदलला का मेलं,” नाना म्हणाले. “क्लच दाबला का गाडी जागीच बसते. एका गिअरमंदी वर गेली पाह्यजे.”

उन्हाळ्यात पूर्णा कोरडी असते. नानांनी डवरणीची एक तीनचाकी मागून आणली. “च्यार चाकाले एकच कमी हाये,” म्हणाले. मागच्या दोन्ही टायरांना ट्रॅक्टरच्या जुन्या टायरच्या पट्ट्या आडव्या बोल्टानं आवळल्या, मडगार्ड काढलं, आणि आम्हाला मागे उभं केलं पाहायला. नदीच्या पात्रातून दरडीवर चढायचं होतं. नानांनी रेस दिली. आम्ही सगळे रेतीनं भरलो, डोकं, कान, खिसे. गाडी हातभर पुढे गेली आणि मग पुढे जायच्या ऐवजी खाली जायला लागली. डवरणीचं मोठं स्पॉकेट, ओढ भरपूर, पण चाकाला वेग नाही. मुंगीच्या पावलांनी फिरणारी वल्ही रेती लोटत नव्हती, उकरत होती. आस रेतीला टेकला तेव्हा नाना उतरले. बराच वेळ मागच्या स्पॉकेटकडे पाहत राहिले. मग एक वाक्य बोलले, जे त्यांच्या तोंडून आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं: “पुढं दोन दात वाढवा लागते.”

डबा बरोबर होताच. पुढचं स्पॉकेट बदललं, आणि टायरांतली बरीचशी हवा सोडली, म्हणजे टायर पसरतो आणि रेतीवर तरंगतो. नाना परत बसले. या वेळी गाडी उसळली आणि धुराळा उडवत, कर्कश ओरडत पात्रातून सरळ वर निघाली. वरच्या वळणाआड काही ट्रॅक्टर रेती भरत उभे होते. तशी परवानगी असती तर ते वळणाआड उभे राहिले नसते. धुराळ्यातून एक अनोळखी तीनचाकी आपल्याच रोखानं येताना पाहून त्यांना वाटलं, तहसीलचं पथक आलं, तेही नव्या गाडीत. एकानं घमेलं टाकलं, दुसऱ्यानं ट्रॉलीच सोडली, आणि पाहता पाहता पात्र मोकळं. नाना दरडीवर पोचले, इंजिन एकदम बंद केलं आणि खाली बसून प्लग काढला. कोण पळालं, का पळालं, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. “एका गिअरमंदी,” ते आम्हाला ओरडून सांगत होते, “पुरी एका गिअरमंदी!”

हवा भरायचा पंप कुणीच आणला नव्हता. पसरट टायरांची ती तीनचाकी आम्ही गावापर्यंत ढकलत आणली. वाटेत भेटेल त्याला नाना रेतीतल्या दातांचा हिशेब समजावत होते. संध्याकाळी नानींनी अंगणातच आमच्यावर पाणी ओतलं आणि खिशांतली रेती तुळशीच्या वृंदावनात टाकायला लावली. नानांच्या खिशातून रेतीबरोबर दहाचा पाना निघाला. तो नानींनी धुऊन परत दिला.

तर राजूर घाटात कधी वळणावर एक जुनी आरएक्स 100 उभी दिसली, शेजारी एक वयस्क गृहस्थ उन्हाकडे प्लग धरून पाहताहेत आणि जरा पलीकडे एक बाई पिशवी घेऊन उभ्या आहेत, तर जरूर थांबा. ‘बिघडली का?’ असं मात्र विचारू नका आणि आपली गाडी बंद करू नका, नाहीतर ते तिची चैन बघायला येतील. बाईंना मागे बसवा आणि वर सोडा. नानांची काळजी नको. ते उशिरा येतात, पण येतात.